सामनेवाला नंबर एक

"अहो, तुमची नोटीस आलीय कोर्टाची," अंजनीने दारातूनच आत हाक मारली.

"कोणाकडून?"

"माझ्याकडून."

नोटीस घेऊन आलेला बेलीफ गोंधळला. बदलापूर गावात त्याने भाऊबंदांच्या, भाडेकरूंच्या पुष्कळ नोटिसा पोचवल्या होत्या. पण नवऱ्यावर दावा लावणारी बाई कुबडी टेकत आपल्याला चहा घेणार का विचारते, हे नवीनच होतं. कमळाकर गालावरचा साबण तसाच ठेवून बाहेर आला. कागदावर त्याचं पूर्ण नाव होतं. सामनेवाला नंबर एक. नंबर दोन विमा कंपनी.

"हे काय आहे?"

"अपघाताच्या भरपाईबद्दल तेजवानी वकील काय म्हणाले ते सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही पेपर वाचत होतात."

तेजवानींचं ऑफिस उल्हासनगरात, कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर. अंजनी तो जिना बसत बसत चढली होती. "भाभी, ट्रक को भूल जाओ," ते म्हणाले होते. "ज्याचा नंबर नाय, त्याच्याकडून काय मिळणार? स्कूटरचा फुल इन्शुरन्स हाय ना? मग स्कूटरवर केस टाका, पैसा कंपनी देईल. लेकिन चूक चालवणाऱ्याची, हे कोर्टात यायला पायजे. तुमचे साहेब ट्रकच बोलले, तर केस खलास."

घोडं अडलं होतं ते इथेच. कमळाकरच्या हातून आजवर एकही चूक झाली नव्हती. गाडी चुकली, तर ती वेळेआधी सुटलेली असायची. खिळा वाकडा गेला, तर भिंत वाकडी असायची. अंबरनाथच्या कारखान्यात तो फोरमन होता, आणि वर सुरक्षा समितीचा सभासद.

खरं तर त्या दिवशी पनवेलच्या पुढे, हायवेवर, ट्रक नव्हताच. दोघं एका लग्नाला निघाली होती. "अहो, फाटा मागे राहिला," अंजनी मागच्या सीटवरून म्हणाली. "अजून पुढे आहे," हे तिला ठणकावून सांगायला कमळाकरने मान मागे वळवली, आणि स्कूटर कडेच्या खडीच्या ढिगावर चढली. त्याला नुसतं खरचटलं. तिच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

इस्पितळात हवालदार जबाब घ्यायला आला, तेव्हा कमळाकर डोकं धरून बसला होता. त्याची ती दशा अंजनीला बघवेना. तीच पटकन म्हणाली, "ट्रकने कट मारला." त्यानेही मान डोलावली. म्हणजे ट्रक जन्माला घातला तिनेच. वाढवला मात्र कमळाकरने. कारखान्यात पोचेपर्यंत तो दहाचाकी झाला. गणपतीत त्याचा ड्रायव्हर प्यायलेला निघाला. आणि लग्नाच्या गावाचा फाटा पुढेच होता, हे तर तो तिच्या प्लास्टरवर हात ठेवूनसुद्धा सांगायचा.

गुडघा आता वळत नव्हता. शिलाई मशीन खिडकीखाली चादर पांघरून पडलं होतं. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्याच्यावर शिवले गेले होते. दुसरं ऑपरेशन केलं तर पाय वळेल, डॉक्टर म्हणाले. पण घरात होतं नव्हतं ते पहिल्या ऑपरेशनातच गेलं होतं. अंजनीला त्या पायडलवर पुन्हा पाय ठेवायचा होता. बाकी कशाशी तिला देणंघेणं नव्हतं.

संध्याकाळी मोठे दीर अण्णा येऊन बसले. "अंजनी, घरची भांडणं कोणी कोर्टात नेतं का? कमळाकरला उद्या कारखान्यात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"भांडण कुठे आहे, अण्णा? भांडण असतं तर चहा दिला असता का यांना?" ती म्हणाली. "मला पाय हवाय. तो मी मिळवणार."

कमळाकरने कप तोंडाला लावला. पुढे कितीतरी दिवस त्याने हा विषय काढला नाही, तिने काढला तर उठून गेला. तारखेच्या दिवशी मात्र तिला कुबडीसकट रिक्षात त्यानेच बसवलं. ठाण्याच्या कोर्टाच्या पायऱ्याही ती त्याच्याच आधाराने चढली.

"पोलिसांना तुम्ही ट्रक सांगितलात," विमा कंपनीचे वकील अंजनीला म्हणाले. "आता म्हणता ट्रक नव्हता. म्हणजे बाई, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"का?"

"तेव्हा नवऱ्याला वाचवायचं होतं. आता पाय वाचवायचाय."

मागे कोणीतरी हसलं. अंजनी हसली नाही.

मग कमळाकर पिंजऱ्यात गेला. मागच्या बाकावर अण्णा बसले होते. शपथ त्याने कारखान्यातल्या आवाजात घेतली, सबंध कोर्टाला ऐकू जाईल अशी.

"नीट आठवून सांगा," कंपनीचे वकील गोडीने म्हणाले. "तुमच्यासारखा जबाबदार माणूस. पोलिसांपुढे तुम्हीही ट्रकच कबूल केला होतात. होता ना ट्रक?"

त्याने नुसतं 'हो' म्हटलं, की केस खलास होती. इतके महिने अंजनी कशालाच घाबरली नव्हती. आता मात्र तिने कुबडी घट्ट धरली.

"ट्रक नव्हता," कमळाकर म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "खडीचा ढीग होता. मी समोर बघत नव्हतो. चूक माझी."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. टाइपरायटर वाजला, थांबला. "झालं. या खाली," ते म्हणाले.

कमळाकर उतरेना. कठडा धरून तसाच उभा राहिला.

"आणखी काही सांगायचंय का?"

"हो, साहेब." त्याने न्यायाधीशांकडे पाहिलंच नाही. तो अंजनीकडे बघत होता. "फाटा मागेच राहिला होता."