जुन्या गुडघ्याचा आवाज

ऑपरेशन करून बसवलेला माझा कृत्रिम गुडघा चालताना 'कट्ट' वाजायचा. मी कळवळायचे आणि तो बसवणारा डॉक्टर हसायचा. "आजी, गुडघा झकास आहे. मनाचे खेळ सगळे. चालून दाखवा बरं!"

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी पाय उघडला, तर सांधा हाडापासून सुटून डुगडुगत होता. त्यांनी तो काढून नवा बसवला. माझा पाय आता अगदी गप्प आहे.

आज दवाखान्याच्या व्हरांड्यात वॉकर धरून चालत होते, तर मागून आवाज आला. कट्ट.

सोबत आलेली सूनबाई पांढरीफटक पडली. घरभर ऐकलेला आवाज ती कशी विसरेल?

मी वळले. तो पहिला डॉक्टर भिंतीला धरून उभा होता, स्वतःच्याच गुडघ्याकडे बघत.

"आजी, तुम्हीही ऐकलंत ना?"

"नाही रे बाळा," मी म्हटलं. "गुडघा झकास आहे. चालून दाखव बरं!"