अनवाणी मॅच

मे महिन्यात मुंबईकर गावी आले की रिकाम्या भातशेतात गाववाल्यांशी फुटबॉल मॅच ठरलेली आणि शाळेपासूनचा नियम एकच, सगळ्यांनी अनवाणी खेळायचं. यंदा सागर स्टडचे बूट घालून उतरला. "मुंबईत पाय नाजूक झाले काय रे?" म्हणत त्याचा बालमित्र येशा हसला. शेवटी येशा बॉल घेऊन सुटला. हरायचं नाही म्हणून सागरने मागून घोट्यावर बूट हाणला. हाड मोडलं, तेही झाडावर चढून आंबे उतरवणाऱ्याचं, ऐन हंगामात. सागरने त्याला पाठीवरून घरी आणलं. "कोणी पाडलान यांना?" येशाच्या बायकोने विचारलं. "कोणी नाय गो, बांधावरून घसारलो," येशा म्हणाला. तिने सागरपुढे पाणी धरलं. "भावोजी, तुम्ही होतात म्हणून घरी तरी पोचले." खरं सांगायला सागरने तोंड उघडलं आणि तो निर्लज्जासारखा पाणी प्यायला.