खिचडीची हजेरी

पुरात घर गेलं आणि दहावीतली हुमा आईसोबत शाळेतच राहायला आली, तेही स्वतःच्याच वर्गात. शाळा मात्र तेवढे दिवस नदीपल्याड भरायची आणि पूल तर वाहून गेलेला.

"हजेरी कमी पडून राहिली, पोरी. परीक्षेला कशी बसवू?" राघवेंद्र सर म्हणाले.

"सर, महिनाभर वर्गातच तर झोपत होते की मी!"

सरांना लई पटलं. वर्गातल्या छावणीत रोज खिचडी घेताना पूरग्रस्तांच्या सह्या व्हायच्या, ते रजिस्टरच त्यांनी हजेरी म्हणून कारकुनाकडं धाडलं. कारकुनानं डोळे झाकून सगळी नावं उतरवली. सकाळी 'परीक्षेस पात्र' यादी लागली. हुमाचं नाव होतं, त्याखाली तिच्या आईचं, साबेराचं.

 

नववीत शाळा सुटलेली साबेरा पदर सावरत सरांपुढं उभी राहिली, "सर, माझा पहिला पेपर कोणत्या तारखेला हाय?"