तळाचं नाव

"अगं, यादी आडनावांच्या क्रमानेच राहू दे," कुलथेसाहेब शर्वरीच्या कानाशी कुजबुजले. बदल्यांसाठी आलेल्या शिक्षकांनी सभागृह गच्च भरलं होतं आणि शर्वरीने लिहिलेल्या प्रोग्रॅममधला तक्ता पडद्यावर उघडा होता.

साहेबांनी तिला ओळखलं नव्हतं. ती मात्र त्यांना बारा वर्षांत एक दिवसही विसरली नव्हती. तिची शिक्षिका आई दर उन्हाळ्यात बदलीसाठी त्यांच्या टेबलापुढे ताटकळायची आणि ते दर वर्षी यादीतली तिची ओळ हाताने खाली सरकवायचे. बाबांनी डोळे मिटले, तेव्हाही आई डोंगरापलीकडच्या शाळेतच होती.

"नियमाप्रमाणे डोंगरी भागातल्या सेवेवरून क्रम लावते," शर्वरी माइकवर म्हणाली आणि तिने त्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं. सगळ्या ओळी सरसर जागा बदलत गेल्या. सोळा वर्षं डोंगरात काढलेल्या वाघमारेबाई पहिल्या आल्या. शून्य वर्षांच्या सौ. कुलथे थेट तळाला गेल्या. सभागृहात हशा पिकला.

साहेबांनी घाईघाईने माउस ओढून घेतला, पण ओळ हलेना. हाताने ओळ सरकवायची सोय तिने कोडमध्ये ठेवलीच नव्हती.

"वाघमारेबाईंची बदली झाली, त्यांची डोंगरातली जागा रिकामी झाली. तळाचं नाव तिकडे जाईल," तिने जाहीर केलं.

"घरी पोरं लहान आहेत गं," साहेब पुटपुटले.

माइक बाजूला सारून ती म्हणाली, "मीही लहानच होते, साहेब. शेलारबाईंची मुलगी मी."

आणि तिने यादी छापायला सोडली.