दहा मिनिटं पुढचं घड्याळ

बंद पडलेल्या स्टेशनचं संग्रहालय झालं, तेव्हा म्हाताऱ्या स्टेशनमास्तरांना सूनबाई उद्घाटनाला घेऊन गेली. नगराध्यक्ष गळा काढून सांगत होते, "शेवटच्या गाडीला अख्ख्या गावानं रडत निरोप दिला!" मास्तरांनी नाक मुरडलं. बस सुरू झाल्यावर ज्यांनी स्टेशनकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तेच त्या दिवशी हार नि बँड घेऊन रडायची हौस भागवायला आले होते. गाव मुलखाचं आळशी, म्हणून मास्तर स्टेशनवरचं गावभर दिसणारं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे ठेवायचे. गावालाही ते ठाऊक, त्यामुळे जो तो तेवढी मिनिटं वजा करून रमतगमत यायचा. फक्त त्या शेवटच्या सकाळी मास्तरांनी काटा गुपचूप तितकाच मागे सारला होता. "बाबा," भिंतीवरच्या फोटोतली हार धरलेली गर्दी न्याहाळत सूनबाईनं विचारलं, "यात गाडी कुठाय?" "ती ना? वेळेवर सुटली."