पुसून कोरा

"सील माझ्यासमोर फोडलंत ना तुम्ही?" स्क्रू म्हणाला. "मग यात पुसण्यासारखं आहे काय?"

वर्तमानपत्राच्या ऑफिसातले संगणक सांभाळणाऱ्या या माणसाचं खरं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. समोरचा लॅपटॉप बातमीदारबाईंनी कालच स्वतः दुकानात जाऊन आणला होता. झाकणावरची पातळ फिल्मसुद्धा अजून निघाली नव्हती.

"तरी ऑपरेटिंग सिस्टिम काढून पुन्हा टाकावी म्हणते," ती म्हणाली.

"नवं घर घेतल्यावर आधी भिंती पाडता का? बाई, यंत्र स्वच्छ आहे. नसती उठाठेव करू नका. आणि करायचीच असेल, तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. कुणाचा पेन ड्राइव्ह लावू नका."

"तुम्हाला एवढी काळजी कशाला?"

"बरं, राहिलं," तो म्हणाला आणि हातातली वायर गुंडाळत निघून गेला.

तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एरवी दहा वेळा बोलावल्याशिवाय न येणारा स्क्रू आज आपण होऊन टेबलापाशी आला होता.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेल्या महिन्यात नवजात बाळं दगावली होती. मुदत संपलेल्या सलाईनच्या बाटल्यांवर नवी लेबलं लागली होती. तो प्रकार डोळ्यांनी पाहिलेलं एक माणूस आतच काम करत होतं आणि बोलायला तयार झालं होतं. रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे या वर्तमानपत्राचे मालक. तेव्हा इथे एक ओळही छापून येणार नव्हती. बाळांच्या आईवडिलांचे वकील थेट न्यायालयात जाणार होते. त्यांना साक्षीदाराचं पूर्ण नाव आणि जबानी आज संध्याकाळपर्यंत हवी होती.

"माझं नाव फुटलं, तर नोकरीचं सोडा, मला घरसुद्धा उरणार नाही," साक्षीदाराने तिला बजावलं होतं. तिने शब्द दिला होता. ऑफिसच्या यंत्राला हात न लावता तिने पदरचा लॅपटॉप घेतला, तो त्या शब्दापायी.

"काय म्हणत होता स्क्रू?" मागून वृत्तसंपादकांनी विचारलं. अख्खं ऑफिस त्यांना काका म्हणे. तिची पहिली बातमी त्यांनी लाल पेनाने रक्तबंबाळ केली होती आणि मग शेजारी बसवून पुन्हा लिहून घेतली होती.

"म्हणाला, यंत्र स्वच्छ आहे."

"असेलही." काका खुर्ची ओढून बसले. "दुकान कोणतं?"

तिने सांगितलं.

"ती इमारत कुणाची, ठाऊक आहे?"

तिने मान हलवली. नव्हतं ठाऊक.

"मालकांची. दुकानदार त्यांचा भाडेकरू. सील काय, चिकटवता येतं पुन्हा." त्यांनी आवाज खाली आणला. "लेबलं बदलता येतात, तसंच."

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"हे घे." त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "ओळखीतल्या एका भरवशाच्या माणसाकडून करून आणलाय. आधी सगळं साफ पुसायचं, मग हे टाकायचं. मी बसतो सोबत."

"काका, तुम्ही यात पडू नका. मालकांना कळलं तर?"

"कळू दे. निवृत्तीला आलो मी. माझं काय वाकडं करणार?"

"तुमच्या लेकीला त्यांनीच लावलंय ना रुग्णालयात?"

"लावलंय. त्यांच्या एका शब्दावर लावलंय. गेली नोकरी, तर बसेल घरी माझ्याशी वाद घालत. आताही तेच करते."

ती काहीतरी बोलणार होती. ओठांपर्यंत आलेलं तिने गिळलं.

"काका, साक्षीदाराचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका. तुम्हाला तर मुळीच नाही."

"विचारलं का मी? न कळलेलंच बरं. उद्या कुणी माझी मानगूट धरली, तर खोटं बोलायला नको."

तिचे डोळे भरून आले. तिने पेन ड्राइव्ह लावला.

'या यंत्रावरचं सर्व काही पुसलं जाईल. पुढे जायचं?' पडद्याने विचारलं. तिचं बोट थबकलं. काका खिडकीबाहेर बघत राहिले. तिने बटण दाबलं.

पांढरी पट्टी हळूहळू भरत गेली. यंत्र बंद झालं, पुन्हा सुरू झालं. काका मध्येच उठून दोघांसाठी चहा घेऊन आले.

"झालं कोरं," ते म्हणाले. "आता बिनधास्त लिही. मी जातो. पडद्याकडे माझी नजर नको."

"काका, तुम्ही नसता तर..."

"पुरे. वकील खोळंबलेत."

ते गेल्यावर तिने दाराकडे पाठ होणार नाही अशी खुर्ची फिरवली आणि जबानी लिहायला घेतली. लेबलं कोणत्या खोलीत बदलली, कुणाच्या सांगण्यावरून, बाटल्या कुणी वॉर्डात नेल्या. ऐकलेलं सगळं तिला तोंडपाठ होतं. नाव तिने शेवटी ठेवलं होतं.

काकांनी आपल्या केबिनचं दार आतून लावलं, पडदे ओढले आणि संगणकासमोर बसले. तिने दाबलेलं प्रत्येक अक्षर त्यांच्या पडद्यावर उमटत होतं. फोन कानाशीच होता.

"आलं का नाव?" मालकांनी विचारलं.

"येतंय. थांबा."

आधी पहिलं नाव आलं. त्या नावाच्या मुली शहरात पुष्कळ होत्या. काकांनी पेन उचललं. मग वडिलांचं नाव अक्षराअक्षराने पुरं झालं, आणि ते काकांचं होतं.