नमुना उत्तर

इंग्रजीच्या पुस्तकात घरी न परतलेल्या एका खलाशाची गोष्ट होती आणि खाली प्रश्न होता, 'ही गोष्ट वाचून तुम्हाला काय वाटले?' गेल्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, की बाबांना जाऊन वर्ष झालं, तरी आई त्यांच्या चपला रोज पुसून दाराशी ठेवते. डावी टाच झिजलेली. मॅडमनी डोळे पुसत दहापैकी दहा दिले आणि नमुना उत्तर म्हणून त्याच्या झेरॉक्स यंदाच्या वर्गाला वाटल्या.

झालं, निम्म्या वर्गाचे बाबा वहीत वारले. कुणाची छत्री दाराशी, कुणाचा चष्मा. परवा पालकसभेला हेच बाबा धडधाकट येऊन बसले होते. मॅडमचं डोकंच उठलं. एका वहीत तर त्याच चपला निघाल्या, झिजलेल्या डाव्या टाचेसकट. नावही न बघता त्यांनी लाल शाईने लिहिलं, 'शून्य. निदान चपला तरी बदलायच्या.'

मधल्या सुट्टीत शून्य मिळालेली ती मुलगी वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी आली.



"कशा बदलू, मॅडम? ते नमुना उत्तर माझ्या ताईचं आहे. आम्हा दोघींचे बाबा एकच होते."